वाचकांचे प्रश्न : समुद्रावर चूक टाळायची कशी?

प्रश्न : मी मालवाहू जहाजावर डेक कॅडेट आहे. निघण्यापूर्वी चेकलिस्टवर सगळीकडे खुणा होतात, तरी बंदर सोडल्यावर काहीतरी राहिल्याचं लक्षात येतं. असं का? (वाचक, ठाणे)

उत्तर : कारण चेकलिस्ट पुष्कळदा बघून नाही, सवयीने भरली जाते. त्याहून घातक म्हणजे ‘काही बिघडलं तरच कळवा’ ही पद्धत. ६ मार्च १९८७ रोजी ‘हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही फेरी बेल्जियमच्या झेब्रुगे बंदरातून पुढचे दरवाजे उघडे असतानाच निघाली. दरवाजे लावणारा सहायक बोसन (डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाचा मदतनीस) केबिनमध्ये झोपला होता. ते लागले की नाही हे बघणाऱ्या अधिकाऱ्याला त्याच वेळी ब्रिजवरही (जहाज चालवायच्या खोलीतही) हजर राहायचं होतं. ब्रिजवरून दरवाजे दिसत नव्हते. तक्रार आली नाही, म्हणजे सगळं तयार, असं कॅप्टनने धरलं. गाड्यांच्या डेकवर पाणी शिरलं, फेरी कलंडली आणि १९३ जण गेले. दरवाजांची स्थिती दाखवणारे दिवे ब्रिजवर बसवा, अशी मागणी आधी झाली होती. कंपनीने ती मानली नव्हती. झोपलेल्या माणसाला दोष देऊन भागत नाही. एकाच्या डुलकीने जहाज जाईल, अशी कामाची मांडणीच मुळात चूक.

म्हणून ‘झालं’ हे कळवलंच पाहिजे, आणि ज्याने डोळ्यांनी पाहिलं त्यानेच. एकाने यादी वाचायची, दुसऱ्याने काट्याकडे बघून आकडा बोलायचा. ‘स्टिअरिंग?’ ‘ओके’ हे उत्तर नव्हे. ‘दोन्ही पंप चालू, ३५ पोर्टवरून ३० स्टारबोर्ड, २४ सेकंद’ हे उत्तर, म्हणजे सुकाणू डावीकडच्या (पोर्ट) ३५ अंशांवरून उजवीकडच्या (स्टारबोर्ड) ३० अंशांवर २४ सेकंदांत गेलं (सोलास या आंतरराष्ट्रीय जहाज-सुरक्षा कराराची मर्यादा २८ सेकंदांची आहे). ही चाचणी निघण्यापूर्वीच्या १२ तासांत व्हावी लागते. हेल्मचंही, म्हणजे सुकाणूच्या चाकाचंही तसंच. ऑर्डर दिली, हेल्म्समनने ती परत म्हटली, एवढ्यावर थांबू नका. ‘स्टारबोर्ड’ म्हणत चाक पोर्टला फिरवणारे भेटतात. ऑर्डर देणाऱ्याची नजर रडर इंडिकेटरच्या (सुकाणू किती वळलं ते दाखवणाऱ्या यंत्राच्या) सुईवर हवी. सुई उलटी सरकली की दोन सेकंदांत कळतं.

प्रश्न : सहा तास वॉच (ब्रिजवरची पाळी), सहा तास आराम. नियमात बसतं, मग झोप का अनावर होते? (एक सेकंड ऑफिसर)

उत्तर : नियम २४ तासांत किमान १० तास आणि ७ दिवसांत ७७ तास विश्रांती मागतो, ती फार तर दोन भागांत, त्यातला एक सलग ६ तासांचा. कागदावर तुमचं बसतं. पण त्याच सहा तासांत जेवण, अंघोळ, कागदपत्रं आणि बंदरात कार्गोही. तक्ता आधी भरून ठेवू नका. खरे तास लिहा, म्हणजे कॅप्टनला माणूस मागायला आधार मिळतो. बीएनडब्ल्यूएएस, म्हणजे ब्रिजवरचा माणूस जागा आहे का ते तपासणारी गजर यंत्रणा, बंद करू नका. ३ ते १२ मिनिटांनी दिवा लागतो, १५ सेकंदांत बटण दाबलं नाही तर ब्रिजवर आवाज, आणखी १५ सेकंदांनी बाहेरच्या अधिकाऱ्याकडे. आणि रात्री लुकआउटला (समुद्रावर नजर ठेवणाऱ्या खलाशाला) रंगकामाला पाठवू नका, हे सांगावं लागू नये!

प्रश्न : आमची ट्रॉलर रात्री जाळी टाकून असते. मोठं जहाज आम्हाला बघतं का? (तांडेल, हर्णे)

उत्तर : बघेलच असं धरू नका. मोठ्या जहाजाच्या ब्रिजवरून नाळेपुढचं (जहाजाच्या पुढच्या टोकापुढचं) ५०० मीटरपर्यंतचं पाणी दिसत नाही, आणि तेवढं नियमातही चालतं. पूर्ण रिव्हर्स देऊनही थांबायला जहाजाला स्वतःच्या लांबीच्या १५ पट अंतर लागू शकतं. ३०० मीटरचं जहाज म्हणजे साडेचार किलोमीटर.

ट्रॉलिंग चालू असताना वर हिरवा, खाली पांढरा दिवा चारी बाजूंनी दिसला पाहिजे. डेकवरचे हॅलोजन समुद्राकडे तोंड करून लावले की हे दोन्ही दिवे त्यात हरवतात, शिवाय तुमच्याच खलाशांना अंधारातलं दिसत नाही. हॅलोजन खाली, जाळ्याकडे वळवा. रडार रिफ्लेक्टर (जहाजांच्या रडारवर बोट ठळक दिसावी म्हणून लावायचं साधन) जितका उंच लावाल तितका बरा.

जहाज अंगावर येतंय का, हे ओळखायचं तर बोट सरळ चालवत एका जागी उभे राहून त्याचा दिवा डोलकाठीच्या रेषेत धरा. पाच मिनिटांनी तो मागे-पुढे सरकला नाही आणि मोठा दिसू लागला, तर टक्कर ठरलेली. लगेच रेडिओच्या चॅनल १६ वर हाक द्या. जाळी खाली असताना मार्ग देणं जहाजाचं काम; जाळी वर घेतली की तुम्ही साधी इंजिनची बोट, मग मासेमारीचे दिवे विझवून चालण्याचे लावा. नियम तुमच्या बाजूने असला तरी जाळ्याचे दोरखंड कापायची कोयती हाताशी असू द्या.