नकारपत्राची तारीख आधी पाहा

प्रश्न: माझ्या टू-सीटर स्पोर्ट्स कारचे मूळ शॉकअब आणि स्प्रिंग काढून मी अ‍ॅडजस्टेबल कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉकअब एकत्र असलेला, उंची आणि कडकपणा बदलता येणारा संच) बसवले. एरवी गाडी रस्त्यावर चालवतो, अधूनमधून रेसिंग ट्रॅकवर नेतो. गाडी मूळ उंचीपेक्षा ३० मिलिमीटर खाली आहे. एका ट्रॅक डेनंतर बाराव्या दिवशी पावसात वळणावर गाडी घसरली आणि दुभाजकावर आदळली. विमा कंपनीने दावा फेटाळला. पत्रात दोन कारणे आहेत: न कळवता केलेले फेरबदल आणि शर्यतीसाठी वापर. मी विमा लोकपालांकडे गेलो नाही, कंपनीला ईमेल करत राहिलो. ‘प्रकरण विचाराधीन आहे’ असे उत्तर येत राहिले. पुढच्या महिन्यात त्या पत्राला दोन वर्षे होतील. केस केली तर जिंकेन का? आणि त्याआधी मूळ सस्पेन्शन परत बसवून घेऊ का?

उत्तर: जिंकाल की नाही ते नंतर पाहू, आधी तक्रार दाखल करा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे जावे लागते. विम्याच्या वादात कंपनीचा वकील हे २ वर्षांचे गणित नकारपत्राच्या तारखेपासूनच मांडणार. पत्र ईमेलने आधी आणि टपालाने नंतर आले असेल, तर आधीची तारीख धरून चाला.

अशी पत्रे माझ्याकडे सतत येतात. गाडी वेगळी असते, रक्कम वेगळी असते, पण ‘मी ईमेल करत होतो’ हे वाक्य प्रत्येकात असते. स्मरणपत्रांनी मुदत वाढत नाही. ग्राहकसेवेच्या कुणी तरी ‘विचाराधीन’ असे साचेबद्ध उत्तर पाठवले म्हणून कंपनीने नकार मागे घेतला, असा अर्थ होत नाही. विमा लोकपालांचा मार्ग तुम्हाला खुला होता. तिथे कंपनीच्या अंतिम नकारानंतर एका वर्षाच्या आत जावे लागते. ते वर्ष तुम्ही ईमेल लिहिण्यात घालवले. उशीर माफ करण्याचा अधिकार आयोगाला आहे, पण त्यासाठी सबळ कारण दाखवावे लागते आणि तुमच्या पत्रात मला तसे कारण दिसत नाही. म्हणून हा महिना वाया घालवू नका.

तक्रार जिल्हा आयोगाकडे जाईल. गाडी महाग असली म्हणून वर जायची गरज नाही, कारण आयोगाची पायरी आता भरलेल्या मोबदल्यावर, म्हणजे विम्यात हप्त्यावर ठरते. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही तरतूद वैध ठरवली आहे. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर दाखल करण्याचे शुल्कही नाही.

आता त्या पत्राकडे वळू. कंपनीने त्यात जी कारणे लिहिली, त्यांपलीकडची नवी कारणे तिला आयोगापुढे काढता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने हे एकाहून अधिक निकालांत सांगितले आहे, अलीकडे २०१९ मध्ये सौराष्ट्र केमिकल्सच्या प्रकरणात. तेव्हा अपघात उशिरा कळवला, कागद अपुरे होते, असे काही उत्तरात आले तर तुमच्या वकिलाने तिथेच हरकत घ्यावी. वाद त्या दोन कारणांपुरताच राहायला हवा.

दुसरे कारण, शर्यतीसाठी वापर, मला कमकुवत वाटते. खासगी गाडीच्या प्रमाणित पॉलिसीत वापराच्या मर्यादा दिलेल्या असतात: आयोजित शर्यत, वेगचाचणी, विश्वासार्हता चाचणी वगैरेंसाठी गाडी वापरात असताना झालेले नुकसान वगळलेले असते. अपघाताच्या क्षणी तुम्ही सार्वजनिक रस्त्यावर होतात आणि ट्रॅक डे होऊन बारा दिवस उलटले होते. पोलीस नोंद, टोइंगची पावती, घटनास्थळाचे फोटो आणि ट्रॅक डेच्या नोंदणीची तारीख एकत्र जोडा. वगळणुकीचे कलम लागू होते हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर असतो.

पहिले कारण अवघड आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदल करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात याच मुद्द्यावर कडक भूमिका घेतली. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात मात्र फेरबदल म्हणजे वाहनाच्या रचनेतील असा बदल, ज्याने त्याचे मूलभूत स्वरूप बदलते, असे म्हटले आहे. मूळ माउंटिंगवर बोल्टने बसणारे कॉइलओव्हर या व्याख्येत येतात का, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. स्प्रिंगचा ताठपणा आरसीवर कुठेच नोंदलेला नसतो, ही गोष्ट तुमच्या बाजूची. गाडी ३० मिलिमीटर खाली आणली, त्यामुळे चाकांची भूमिती आणि हेडलाइटचा कोन बदलतो, ही कंपनीच्या बाजूची. स्प्रिंग कापल्या असत्या किंवा माउंटिंगला वेल्डिंग केले असते, तर मी इतकेही म्हटले नसते. बेकायदा फेरबदलाला कलम १८२-अ मध्ये दर फेरबदलामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. त्याचा विमादाव्याशी थेट संबंध नाही, पण कंपनी तो मुद्दा काढणार हे धरून चला.

तुमच्या प्रकरणात खरे वजन एका छोट्या नोंदीला आहे. तुम्ही पाठवलेल्या सर्व्हेअरच्या (नुकसानीची पाहणी करणाऱ्याच्या) अहवालात पुढच्या दोन्ही डँपरच्या, म्हणजे शॉकअबच्या, कडकपणा ठरवणाऱ्या नॉबची स्थिती लिहिली आहे: सर्वांत कडक टोकापासून दोन क्लिक. म्हणजे ट्रॅकवरून आल्यावर तुम्ही सेटिंग मागे घेतले नाही. रस्ता आणि ट्रॅक दोन्हींसाठी म्हणून घेतलेल्या सस्पेन्शनचा उपयोगच या नॉबमध्ये असतो, आणि बारा दिवसांत तुम्ही तो फिरवला नाही. ट्रॅकच्या सपाट डांबरावर कडक डँपर गाडीचे झुकणे आवरतात. खडबडीत ओल्या रस्त्यावर तेच डँपर चाकाला उंचसखलपणाबरोबर खालीवर होऊ देत नाहीत, टायरवरचा भार सारखा कमीजास्त होतो आणि पकड जाते. कंपनी हेच मांडणार.

तरीही प्रकरण संपलेले नाही. २०१६ च्या लखमी चंद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की पॉलिसीच्या अटीचा भंग झाला एवढे दाखवून भागत नाही, त्या भंगामुळेच अपघात झाला हे कंपनीने सिद्ध करायला हवे. तिथे मुद्दा जादा प्रवाशांचा होता, इथे सस्पेन्शनचा आहे, पण तत्त्व लावता येईल. म्हणून स्वतंत्र ऑटोमोबाइल अभियंत्याचे शपथपत्र तक्रारीसोबतच जोडा. त्यात टायरची स्थिती, साचलेले पाणी, वळणाचा उतार, कॉइलओव्हर बसवल्यानंतरच्या व्हील अलाइनमेंटचा प्रिंटआउट हे सगळे यावे. एअरबॅग उघडल्या असतील तर त्यांच्या कंट्रोल युनिटमध्ये धडकेआधीच्या काही सेकंदांचा वेग नोंदलेला असू शकतो. वेग कमी असेल तर ती नोंद तुमच्या फार उपयोगाची.

एक गोष्ट तुम्ही कळवलेली नाही आणि ती मला हवी आहे. कॉइलओव्हर बसवल्यानंतर पॉलिसीचे नूतनीकरण झाले का, आणि तेव्हा ‘वाहनात बदल केला आहे का’ या रकान्यापुढे काय लिहिले गेले? एजंटने ‘नाही’ भरून तुमची सही घेतली असेल, तर पूर्ण रक्कम मिळण्याची शक्यता मला कमी वाटते. अशा वेळी आयोग दाव्याचा काही भाग मंजूर करू शकतो. अटींचा भंग झालेल्या काही दाव्यांत ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम दिली गेली आहे, पण ते हक्काने मागता येत नाही. तो फॉर्म आजच काढून वाचा.

निकाल कधी, हेही तुम्ही विचाराल. नोटीस मिळाल्यापासून ३ महिन्यांत, आणि वस्तूची तपासणी लागणार असेल तर ५ महिन्यांत तक्रार निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात रिकामी पदे आणि तारखांवर तारखा यांत वर्षे जातात, आणि ज्याची गाडी गॅरेजमध्ये गंजत पडली आहे त्याच्यावर हा सरळ अन्याय आहे. तेव्हा सर्व कागद पहिल्याच दिवशी जोडा, म्हणजे तुमच्या बाजूने तरी एकही तारीख वाया जाणार नाही.

मूळ सस्पेन्शन परत बसवण्याबद्दल: आत्ता अजिबात नको. ते कॉइलओव्हर हा तुमचाही पुरावा आहे. तुम्ही ते काढून टाकले, तर लपवण्यासारखे होते म्हणून काढले, असे कंपनी म्हणेल आणि आयोगाला ते पटेल. अभियंत्याकडून चारही कोपऱ्यांचे फोटो, स्प्रिंगवरचे क्रमांक, उंचीच्या रिंगची जागा आणि नॉबची स्थिती नोंदवून घ्या. कंपनीला लेखी नोटीस देऊन तिच्या प्रतिनिधीला तपासणीला बोलावा. आला नाही तर तसे नोंदवा. त्यानंतर ते उतरवून सीलबंद ठेवा आणि मूळ भाग बसवा. तोवर गाडी रस्त्यावर आणू नका. पुन्हा ट्रॅकवर जाणार असाल तर तिथल्या वापरासाठी वेगळे संरक्षण मिळते का, हे कंपनीला आधी लेखी विचारा. आयोजित शर्यत आणि वेगचाचणी यांची वगळणूक मोटार वाहन कायद्यानेच विमा कंपनीला दिलेला बचाव आहे. तिथे दुसऱ्या कुणाला इजा झाली, तर नेहमीच्या पॉलिसीवर विसंबू नका.