सोनोग्राफी किती वेळा करायची?

प्रश्न: डॉक्टर मॅडम, मी पहिलटकरीण, सोळावा आठवडा चालू आहे. दोन सोनोग्राफ्या झाल्या, दोन्ही नॉर्मल, तरी पुढे अजून तीन लिहून दिल्यात. सासूबाई म्हणतात आमच्या वेळी एकही नव्हती, मुलं धडधाकट झालीच ना. मैत्रीण म्हणते त्या लहरींनी बाळ तापतं आणि मुलं डावखुरी होतात. नवरा म्हणतो दर महिन्याला करू, डोळ्यांनी बघितलं की जीव शांत होतो. ऐकू कोणाचं?

उत्तर: अगं, तिघांचंही थोडं थोडं खरं आहे, मैत्रिणीचंसुद्धा, म्हणून तिच्यापासूनच सुरू करते.

ही एक्सरेची किरणं नाहीत, हा आवाज आहे, फक्त आपल्या कानाला ऐकू न येणारा. पण आवाज अंगात शिरला की थोडी उष्णता होते, हे खरं. मशीनच्या स्क्रीनवर कोपऱ्यात टीआय, म्हणजे थर्मल इंडेक्स, असा बारीक आकडा दिसतो, तो त्याचाच अंदाज. साध्या काळ्यापांढऱ्या चित्रात तो सहसा एकच्या खाली राहतो, डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह बघायची पद्धत, लावलं की चढतो कारण लहरींचा झोत एकाच जागी धरून ठेवलेला असतो. त्यामुळे पहिल्या तीन महिन्यांत नुसते ठोके ऐकवायला डॉपलर लावू नये, एम-मोडवर, म्हणजे हृदयाची हालचाल रेषेत दाखवणाऱ्या साध्या पद्धतीने, ठोके मोजता येतात. डावखुरेपणाचं म्हणशील तर नॉर्वेतल्या अभ्यासात मुलग्यांमध्ये किंचित संबंध दिसला होता, तोही पुसट, आणि त्या मुलांच्या लिहिण्यावाचण्यात काही फरक नव्हता. ऑस्ट्रेलियात पर्थला ज्या बायकांच्या डॉपलरसकट पाच पाच सोनोग्राफ्या केल्या त्यांची बाळं जन्मताना जराशी लहान निघाली, असं १९९३ साली छापून आलं आणि बराच गदारोळ झाला, पण तीच मुलं आठ वर्षांची झाल्यावर मोजली तर इतरांसारखीच. म्हणजे मशीनचं भय फार धरू नकोस, पण खेळणंही समजू नकोस.

मला खरी काळजी वाटते ती रिपोर्टची. माझ्याकडे एक मुलगी आली होती, विसाव्या आठवड्याच्या रिपोर्टात बाळाच्या मेंदूत छोटी सिस्ट, म्हणजे पाण्याची पिशवी, लिहिलेली. बाकी सगळं स्वच्छ, अशा एकट्या सिस्ट बहुतेक आपोआप विरघळतात, पण तिला ते कोणी नीट सांगितलंच नाही. महिनाभर ती झोपली नाही, रोज मोबाईलवर तोच शब्द शोधत बसायची आणि पुढच्या स्कॅनला सिस्ट गायब! शेवटच्या महिन्यातलं वजनही तसंच, त्यात दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होणं नेहमीचं, तरी 'बाळ मोठं आहे' एवढ्यावर लोक घाबरून बसतात.

सासूबाईंना सांग, तेव्हा जुळं आहे हे कधी कधी बाळंतपणाच्या खोलीतच कळायचं. सोनोग्राफीने ते आधी कळतं, आणि तारीख पक्की होते, मग दिवस उलटले उलटले म्हणून उगाच कळा आणायची औषधं द्यावी लागत नाहीत. डब्ल्यूएचओने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने, २०१६ मध्ये चोवीस आठवड्यांच्या आत एक स्कॅन सगळ्यांसाठी सांगितला आहे. त्यानंतर सरसकट केलेल्या स्कॅनने, तब्येत ठणठणीत असेल तर, बाळाचं काही जास्त भलं होतं असं दिसलेलं नाही. बीपी, शुगर, जुळं, अंगावरून रक्त जाणं, हालचाल कमी वाटणं, यातलं काही असेल तर मात्र गोष्ट वेगळी, तेव्हा चार काय सहा करू.

तेव्हा लिहून दिलेल्या तीनपैकी प्रत्येकीबद्दल डॉक्टरांना विचार, यात काय बघणार आणि वेगळं काही दिसलं तर पुढे काय करणार? उत्तर मिळालं तर जा. नवऱ्याला दर महिन्याला बघायचंय तर हे आधीचेच फोटो फ्रेम करून दे. अठरा ते बावीस आठवड्यांमधला अॅनॉमली स्कॅन, म्हणजे बाळात काही व्यंग आहे का ते बघणारा, मात्र चुकवू नकोस, हृदय, पाठीचा कणा, किडन्या, वार म्हणजे प्लॅसेंटा कुठे आहे, सगळं तेव्हाच नीट दिसतं. वार खाली आहे असं लिहून आलं तर लगेच सिझेरियन डोक्यात घेऊ नकोस, गर्भपिशवी वाढेल तशी ती बहुतेकींची वर सरकते. आणि जाताना पहिल्या स्कॅनचा कागद बरोबर ने, ड्यू डेट त्याच्यावरचीच धरायची, नंतरच्या रिपोर्टमध्ये वेगळी आली तरी.