नेदरलँड्समध्ये घराजवळच्या इंडोनेशियन हॉटेलात पहिल्यांदाच जेवायला जातोय. काय मागवावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आम्स्टेलवेनला नुकतेच राहायला आलात, कोपऱ्यावर एका कुटुंबाचं छोटं इंडोनेशियन हॉटेल आहे, तुम्हाला बीफ चालत नाही, बायको अंडं खाते पण मासे-मटण नाही, आणि ऑफिसातले डच लोक म्हणतायत की 'रेइस्टाफेल'च घ्या.

निदान पहिल्या वेळी तरी ऑफिसातल्यांचं ऐकू नका. रेइस्टाफेल म्हणजे मधे भात आणि भोवती दहा-पंधरा, कधी वीसही लहान वाट्या, खाली मेणबत्त्या लावून गरम ठेवलेल्या. थाट असतो, नाही असं नाही. पण हे काही जावा-सुमात्रातल्या घरांतलं रोजचं जेवण नव्हे. डचांचं तिथे राज्य होतं तेव्हा मळेवाल्यांनी आणि साहेबलोकांनी आपल्या मेजवान्यांसाठी बसवलेला हा प्रकार. बटाव्हियातल्या, म्हणजे आजच्या जकार्तातल्या, बड्या हॉटेलांत वाढप्यांची रांग एकेक पदार्थ हातात घेऊन यायची. १९४५ मध्ये इंडोनेशियाने स्वातंत्र्य जाहीर केलं, १९४९ च्या डिसेंबरात डचांनी ते एकदाचं मान्य केलं. पुढे तो थाट तिकडे जवळजवळ संपला आणि इकडे टिकला. बहुतेक ठिकाणी तो किमान दोघांसाठीच मिळतो. तुमच्यात एक बीफ न खाणारा, एक शाकाहारी. म्हणजे पैसे पूर्ण वाट्यांचे आणि त्यातल्या निम्म्या तशाच परत. शिवाय इतके रस्से एकाच ताटात आले की कशाची चव कशाला लागली तेच कळत नाही.

त्यापेक्षा 'नासी रामेस' मागवा. एकाच ताटात भात, एक-दोन भाज्या, एखाद-दुसरा मांसाचा किंवा अंड्याचा पदार्थ, वर सेरुंदेंग भुरभुरलेलं आणि कडेला सांबाल, म्हणजे मिरचीची चटणी. सेरुंदेंग म्हणजे परतलेलं खोबरं आणि शेंगदाणे. आपल्या सुक्या खोबऱ्याच्या चटणीत कुणी लसणाऐवजी गुळावर भर द्यावा, तसं लागतं. छोट्या ठिकाणी, विशेषतः जी स्वतःला 'टोको' म्हणवतात तिथे, निम्मं दुकान असतं, निम्मं पार्सलचं काउंटर आणि उरलेल्या जागेत दोन-चार टेबलं. काचेमागे ट्रे मांडलेले असतात, बोट दाखवून निवडायचं. दोघांनी दोन वेगळी ताटं घ्या, खर्चही रेइस्टाफेलपेक्षा बराच कमी येतो.

पाटीवर 'इंडिस' लिहिलेलं दिसलं तर ते भारतीय हॉटेल समजू नका, इथे तो शब्द जुन्या डच ईस्ट इंडीजसाठी, म्हणजे आजच्या इंडोनेशियासाठी आहे. 'चिनीस-इंडिस' ही आणखी तिसरीच जात: चिनी कुटुंबांनी डच जिभेला रुचेल असं जमवलेलं, भरपूर आणि गोडसर. वाईट नसतं, पण तुम्ही विचारताय ते हे नव्हे. आणि एखाद्या ठिकाणी साओतो नावाचं सूप दिसलं तर मालक बहुधा सुरीनामी जावानीज असतील. डचांनी १८९० पासून जावातले मजूर करारावर सुरीनामला, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या आपल्या वसाहतीत, नेले, त्यांचे वंशज पुढे इकडे आले. ते सूप जरूर प्या.

मेन्यूतलं स्पेलिंग पाहून गडबडायला होतं. इंडोनेशियाने १९७२ मध्ये आपलं स्पेलिंग सुधारलं, पण इथली बरीच कुटुंबं त्याच्या कितीतरी आधी आली आणि जुनंच लिहीत राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वीसेक वर्षांत साधारण तीन लाख माणसं तिथून इकडे आली, त्यांत डच-इंडोनेशियन मिश्र घरांतली खूप. त्यामुळे रोमन लिपीतला 'ओ-ई' हा 'उ' वाचायचा, 'टी-जे' हा 'च' आणि 'डी-जे' हा 'ज'. एवढं कळलं की निम्मा मेन्यू सुटतो.

आता बायकोचं. इथे जरा सविस्तर सांगतो, कारण फसायला होतं ते इथेच. इंडोनेशियन स्वयंपाकात तेरासी नावाचा एक पदार्थ आहे, इथे त्याला त्रासी म्हणतात. कोळंबी-जवळ्यासारखं बारीक काहीतरी खारवून, आंबवून, कुटून केलेली ही वडी. कांदा, लसूण, मिरचीबरोबर ती वाटणातच जाते. तुम्ही 'व्हेजिटारिस' म्हणालात तर काउंटरमागच्या बाई मनापासून मान डोलावतील आणि भाजीचा ट्रे पुढे करतील. त्यात मांसाचा तुकडा नसेलच, पण वाटणात त्रासी असू शकते. त्या खोटं बोलत नसतात. त्यांच्या लेखी तो मसाला आहे, मासा नव्हे. म्हणून 'शाकाहारी काय आहे' असं विचारू नका, 'यातल्या कशात त्रासी नाही' असं विचारा. 'त्याशिवाय करून द्या' म्हणण्यातही अर्थ नाही, रस्सा सकाळीच होऊन गेलेला असतो.

सायुर लोदे, म्हणजे नारळाच्या दुधातली भाजी, दिसायला अगदी निष्पाप असते, पण तिच्यात बऱ्याचदा सुकी कोळंबी पडते. लालभडक सांबालातली उकडलेली अंडी छान लागतात, पण तिथेही त्रासीची चौकशी करा. क्रुपुक, ते पांढरे फुललेले पापड, बहुतेक कोळंबीचेच. त्याऐवजी एम्पिंग मागा: मेलिंजो नावाच्या झाडाच्या बियांचे, किंचित कडसर. मला विचाराल तर क्रुपुकपेक्षा तेच चांगले.

बायकोसाठी सगळ्यात भरवशाचं म्हणजे टेम्पे. मूळचा जावाचाच पदार्थ. सोयाबीन शिजवून त्यावर एक बुरशी चढू देतात, दीड-दोन दिवसांत त्याची घट्ट वडी होते. बुरशी ऐकून नाक मुरडू नका. पातळ काप कुरकुरीत तळून गोड-तिखट पाकात घोळवलेलं टेम्पे, पाकात त्रासी नाही ना एवढं विचारून, भाताबरोबर खाऊन बघा. चीज-मशरूमच्या पलीकडे काही न देणाऱ्या या देशात शाकाहारी माणसाला ते वरदान आहे. गादो-गादोही घ्या: उकडलेल्या भाज्या, मोड, तळलेलं टोफू, अंडं आणि वर शेंगदाण्याचा दाट सॉस. त्या सॉसबद्दलही तोच त्रासीचा प्रश्न विचारायचा आणि वरचा क्रुपुक काढून ठेवायला सांगायचं.

तुमचं सोपं आहे. 'दागिंग', 'रेंदांग' आणि 'सेमुर' म्हणजे इथे जवळजवळ नेहमी बीफ, 'बाबी' म्हणजे डुक्कर. 'आयाम' कोंबडी, 'कांबिंग' बोकड. साते कांबिंग, म्हणजे काडीवर भाजलेले बोकडाचे तुकडे, मिळत असेल तर दुसरं काही शोधू नका. रेंदांगचं कौतुक सगळे ऐकवतील आणि ते खरंही आहे: पश्चिम सुमात्रातल्या मिनांगकाबाऊ लोकांचा पदार्थ, नारळाचं दूध तासन्‌तास आटवत नेऊन शेवटी मांस सुटलेल्या तेलातच परतायचं. काही ठिकाणी चिकनचं करतात, पण माझं मत विचाराल तर सोडा. दूध आटेपर्यंत चिकनचा भुगा होतो, म्हणून मग ते अर्धवट रस्स्यातच उतरवतात.

पहिल्या घासाला सगळं गोड वाटेल. जावातला स्वयंपाक गोडाकडे झुकतो, आणि केचाप मानिस हा गुळाचा दाट सोया सॉस सढळ हाताने पडतो. तिखट बाजूच्या सांबालातून आपलं आपण वाढवायचं. चमचा उजव्या हातात, काटा डाव्या, सुरी नसतेच. हाताने जेवलात तरी कुणी काही म्हणणार नाही.

शेवटी काउंटरवर स्पेककुक दिसेल, पातळ पट्ट्यापट्ट्यांचा केक. एकेक थर ओतून, भाजून, मग पुढचा, असं अनेक थरांचं काम, त्यामुळे एवढ्याशा कापाचे बरेच पैसे पडतात. लोणी, भरपूर अंडी, दालचिनी-लवंग-जायफळ. अंडं चालतं म्हणता, तेव्हा तो दोघांनाही चालेल.