दफनभूमीतलं कुंपण आणि सासूबाईंची जागा

प्रश्न: मी मूळची कोल्हापूरची. लग्नानंतर टेक्ससमधल्या एका लहान गावात राहते. माझे पती आफ्रिकन-अमेरिकन आहेत. गावच्या जुन्या दफनभूमीत मधोमध तारेचं कुंपण आहे. पुढे गोऱ्यांच्या कबरी, मागे काळ्यांच्या. सासरे 1994 पासून मागच्या भागात आहेत आणि त्यांच्या शेजारची जागा सासूबाईंसाठी राखून ठेवली आहे. तिथली वाट एका कुरणातून जाते. कुरणाच्या नव्या मालकाने फाटकाला कुलूप लावलंय. खरेदीखतात दफनभूमीचा उल्लेखच नाही, असं तो म्हणतो. पुढच्या भागाची समिती म्हणते, मागचा भाग आमच्या नोंदीत नाही. पुढे जागा मागितली तर ‘तुमच्या लोकांची बाजू मागे आहे’ असं उत्तर मिळालं. सासूबाई 81 वर्षांच्या आहेत. आम्ही काय करावं?

उत्तर: ताई, मालकाचा युक्तिवाद टेक्ससच्या कायद्यात टिकणारा नाही. जिथे माणसं पुरली गेली, ती जमीन त्या वापरामुळेच दफनासाठी राखीव होते. त्यासाठी नोंदवलेला कागद असलाच पाहिजे असं नाही. पुढे ती कितीही वेळा विकली गेली, तरी न्यायालयाच्या हुकमाशिवाय तिचं राखीवपण जात नाही. कबरी ओळखू येतात तोवर ती जागा ‘सोडून दिलेली’ आहे असंही सहज म्हणता येत नाही.

कागद का नाहीत, हे तुमच्या वकिलाने न्यायाधीशांपुढे आवर्जून मांडावं. 19 जून 1865 रोजी गॅल्व्हस्टनमध्ये गुलामगिरी संपल्याची घोषणा झाली. त्यानंतर मुक्त झालेल्या माणसांनी टेक्ससभर स्वतःच्या वस्त्या उभारल्या. जमिनीचे व्यवहार पुष्कळदा तोंडी झाले. कबरीवर शेतातला दगड, शिंपले, फुटकी चिनी भांडी किंवा एखादं सीडरचं झाड, एवढीच खूण. ती खूण वाचता न येणाऱ्याला तो भाग मोकळं रान वाटतो. फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरात 1901 सालच्या झायन दफनभूमीचं असंच झालं. तिच्यावर घरं आणि गोदामं उभी राहिली, आणि 2019 मध्ये जमिनीखाली रडार फिरवल्यावर शंभराहून अधिक शवपेट्यांच्या खुणा सापडल्या. म्हणून तुमच्या मागच्या भागाचे फोटो आणि नकाशा आत्ताच करून ठेवा. जुन्या मृत्यूदाखल्यांवर दफनाचं ठिकाण लिहिलेलं असतं, ते काढा. चर्चच्या वह्या बघा. सासऱ्यांच्या अंत्यविधीची पावती मिळाली तर तिच्याइतका चांगला पुरावा नाही, कारण 1994 मध्ये ही दफनभूमी वापरात होती हे त्यातून थेट दिसतं.

आता कुलूप. आपल्याकडे शेताच्या बांधावरून वहिवाटीचा हक्क असतो, तशीच तरतूद टेक्ससच्या आरोग्य आणि सुरक्षा संहितेत दफनभूमीसाठी आहे. जिथे जायला सार्वजनिक वाट नाही, तिथे भेट देऊ इच्छिणाऱ्या कुणालाही आजूबाजूच्या जमिनीतून वाजवी मार्गाने जाता येतं. रक्ताचं नातं सिद्ध करावं लागत नाही, त्यामुळे सून म्हणून तुम्हीही निर्धास्त जा. वाट कुठून आणि वेळ कोणती, हे मालक ठरवू शकतो. ‘येऊच नका’ असं तो म्हणू शकत नाही. यात एक पेच मात्र आहे. पुढचा भाग सगळ्यांना खुला असेल, तर कुंपणात फाटक करून तिकडून जा, माझ्या कुरणातून कशाला, असं मालक म्हणेल. म्हणून लेखी नोटीस मालकाला आणि समितीला एकाच दिवशी पाठवा, म्हणजे दोघांना एकमेकांकडे बोट दाखवता येणार नाही. तोवर कुलूप तोडू नका, कुंपणाला हात लावू नका, एकही दगड हलवू नका. पतींनाही हे सांगा. त्यांचा संताप मला कळतो. वेको शहरातल्या ग्रीनवूड दफनभूमीतलं असंच कुंपण 2016 मध्ये निघालं, पण ते शहराने अधिकृतपणे काढलं.

समितीचं उत्तर वाचून मला फार वाईट वाटलं. वंशावरून दफन नाकारणारा नियम किंवा करारातलं कलम टेक्ससमध्ये रद्दबातल आहे. मालमत्तेच्या खरेदीत सर्व नागरिकांना गोऱ्यांइतकाच हक्क देणारा केंद्रीय कायदा तर 1866 चा आहे. तो खासगी व्यवहारांनाही लागू होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये स्पष्ट केलं. पुढच्याच वर्षी त्याच कायद्याच्या आधारे अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये एल्मवूड दफनभूमीला व्हिएतनाममध्ये मारल्या गेलेल्या काळ्या सैनिकासाठी दार उघडावं लागलं. हे सगळं जुनं झालं असं समजू नका: लुइझियानात 2021 मध्ये एका काळ्या पोलीस अधिकाऱ्याच्या पत्नीला ‘फक्त गोऱ्यांसाठी’ हे कलम दाखवून परत पाठवलं गेलं होतं. बोभाटा झाल्यावर ते कलम निघालं. तेव्हा समितीकडे नियमावली आणि नकार दोन्ही लेखी मागा. नकार फोनवर आला असेल, तर कोण, कधी, काय बोललं हे आजच लिहून काढा.

राहिली सासूबाईंची जागा, आणि इथे मी तुम्हाला खोटी खात्री देणार नाही. भेट देण्याचा हक्क म्हणजे नवीन दफनाचा हक्क नव्हे. त्यासाठी मालकाची लेखी संमती हवी, नाहीतर ही जागा तुमच्या कुटुंबाच्या दफनासाठीच राखली होती हे न्यायालयाला पटवावं लागेल. कागदपत्रं घेऊन काउंटीतल्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्यातल्या, दिवाणी वकिलाला या महिन्यातच भेटा आणि सासरे हयात असताना या जागेबद्दल काय बोलणं झालं होतं, याचं सासूबाईंचं शपथपत्र करून घ्या. राज्यातला ऐतिहासिक वारसा जपणाऱ्या टेक्सस हिस्टॉरिकल कमिशन या सरकारी संस्थेकडे ऐतिहासिक दफनभूमी म्हणून अर्जही करा. तो मान्य झाला की नोंद काउंटीच्या जमीनदप्तरात चढते आणि पुढच्या कुठल्याही खरेदीदाराला ‘माहीत नव्हतं’ म्हणता येत नाही. शिवाय आपल्या देहाबाबत निर्णय कोणी घ्यायचा, हे सासूबाईंनी नेमणूकपत्रावर लिहून नोटरीसमोर सही करावी. त्याचा नमुना राज्याच्या कायद्यातच दिलेला आहे. तेवढं या आठवड्यात उरकून घ्या.