पितळी पंखा कुठल्या चॅप्टरमध्ये?

प्रिय विद्यार्थिनी,

तुझं पत्र मिळालं. इतर वाचकांसाठी ते आधी थोडक्यात सांगते. तू रत्नागिरीत टी.वाय.बी.कॉम.ला आहेस. मिरकरवाडा बंदराजवळ वडिलांचा फॅब्रिकेशनचा गाळा आहे. ट्रॉलरचे नांगर, साखळ्या, नट-बोल्ट आणि ओतून आणलेले पितळी पंखे, म्हणजे नौकेचे प्रोपेलर, तिथे तयार होऊन बाहेर पडतात. मध्यंतरी एका गिऱ्हाइकाने पंख्याचं बिल परत पाठवलं, एचएसएन कोड, म्हणजे करासाठीचा मालाच्या वर्गीकरणाचा क्रमांक, चुकलाय म्हणून. हिशेब लिहिणाऱ्यांनी ‘पितळ म्हणजे तांब्याचं चॅप्टर’ असं धरून ७४ टाकलं होतं. तू टॅरिफ, म्हणजे या कोडची चॅप्टरवार यादी, उघडून बसलीस, ८४८७ शोधून काढलास आणि त्या कामाची तुला गोडी लागली. आता कॉलेजातले सर म्हणतात की एक्साइज (केंद्रीय उत्पादन शुल्क) २०१७ लाच संपली, यात करिअर कसलं? आई म्हणते बँकेच्या परीक्षा दे. आणि तू विचारतेस, मालाचं वर्गीकरण करून पोट भरतं का?

भरतं. मात्र नुसत्या वर्गीकरणावर नाही. त्याच्याभोवतीचा कायदा शिकावा लागेल आणि काही वर्षं रत्नागिरी सोडावी लागेल.

सरांचं अर्धं बरोबर आहे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि पेट्रोल-डिझेलसारखी पेट्रोलियम उत्पादनं व तंबाखू सोडली तर केंद्रीय उत्पादन शुल्क जवळजवळ गेलं. त्याबरोबर एक मोठा वाद मागे पडला. एक्साइज ‘उत्पादना’वर होती. त्यामुळे लोखंड कापलं, जोडलं, रंगवलं तर नवी वस्तू झाली का, हे आधी ठरवावं लागे. वेगळं नाव, गुणधर्म किंवा उपयोग असलेली नवी वस्तू तयार झाली पाहिजे, ही कसोटी सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकात दिल्ली क्लॉथ मिल्सच्या खटल्यात घालून दिली. जीएसटी पुरवठ्यावर लागतो, तिथे ‘उत्पादन झालं का’ हे कोणी विचारत नाही.

वस्तू कुठल्या हेडिंगमध्ये, म्हणजे कुठल्या चार आकडी कोडमध्ये, बसते हा प्रश्न मात्र जसाच्या तसा राहिला. १९८५ च्या केंद्रीय उत्पादन शुल्क टॅरिफ कायद्याने जी जागतिक मांडणी घेतली, तीच कस्टम्सच्या टॅरिफमध्ये आहे आणि जीएसटीही तिच्यावरच चालतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे बरेच दर बदलले, पण तेव्हाही नांगर ७३१६ मध्येच राहिला.

आता तुझ्या पंख्याकडे येऊ, कारण तुला उत्तर सापडलं असलं तरी ते का बरोबर आहे हे पत्रात दिसत नाही. या कामात ‘का’ सांगता आलं तरच पैसे मिळतात.

टॅरिफमध्ये चॅप्टरांचे गट म्हणजे सेक्शन. धातूंचा सेक्शन पंधरावा, चॅप्टर ७२ ते ८३. लोखंड-पोलाद ७२, त्याच्या वस्तू ७३, तांबं ७४, ॲल्युमिनियम ७६, हत्यारं आणि सुऱ्या-चमचे ८२, कुलपं-बिजागऱ्या अशा किरकोळ वस्तू ८३. मिश्रधातूत वजनाने जो धातू जास्त, त्याच्या चॅप्टरमध्ये तो मिश्रधातू जातो. पितळेत तांबं जास्त, म्हणून पितळी बोल्ट ७४१५ मध्ये. तुमच्या हिशेबनिसांनी इथपर्यंत बरोबर विचार केला होता. पण याच सेक्शनच्या पहिल्याच नोटमध्ये लिहिलंय की यंत्रांच्या सोळाव्या सेक्शनमधल्या वस्तू इथे येत नाहीत, आणि त्या सोळाव्यातल्या ८४८७ मध्ये जहाजांचे व नौकांचे प्रोपेलर नावानिशी दिलेले आहेत. तिथे धातू पितळ की पोलाद, हा प्रश्नच उरत नाही.

मग उलट शंका येते. इंजिन बसवायचा बोल्टही इंजिनाबरोबर ८४ मध्ये का जाऊ नये? कारण बोल्ट, साखळ्या, तारेचे दोर, स्प्रिंगा यांना कायद्याने ‘सर्वसाधारण वापराचे भाग’ म्हटलंय. ते कुठल्याही यंत्राला लागोत, आपल्या हेडिंगमध्येच राहतात. पोलादी बोल्ट ७३१८, साखळी ७३१५. आणि नौकांचं स्वतःचं चॅप्टर ८९ आहे ना, सगळं तिथेच का नाही? त्या चॅप्टरमध्ये सुट्या भागांना जागाच ठेवलेली नाही. गाडीचे भाग गाडीच्या चॅप्टरमध्ये सापडतात, नौकेचे भाग टॅरिफभर विखुरलेले असतात. तुझ्या वडिलांच्या एका बिलावर चार वेगळे कोड येतात ते यामुळे. त्यात कोणाचा घोळ नाही.

कोड ठरला म्हणजे दर ठरला असंही नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्राला परिपत्रक काढून सांगावं लागलं की मासेमारी नौकेसाठीचं, ८४०८ १० ९३ मधलं मरीन इंजिन नौकेचा भाग म्हणून ५ टक्क्यांत बसतं. कोड इंजिनाचा, पण दर नौकेच्या भागाचा. टॅरिफ आणि दराची अधिसूचना शेजारी ठेवून वाचायची सवय आत्तापासून लाव.

आणखी एक उदाहरण देते, ते आपल्या गावागावात आहे. लोहार ट्रकच्या कमानीचं पातं तापवून कोयता घडवतो. ते पातं नवं असताना ७३२० मध्ये, स्प्रिंग म्हणून. कोयता झाला की ८२०१, शेतीच्या हत्यारांत, आणि त्यावर जीएसटी शून्य. त्याच पात्याची स्वयंपाकघरातली सुरी केली तर ८२११, आणि तिच्यावर कर आहे. लोखंड तेच, भट्टी तीच, हातही तेच. हा फरक पुस्तकातून शिकलेल्या मुलाला पाठ करावा लागतो. तू गाळ्यात वाढलीस, तुला तो डोळ्यांनी दिसतो. माझ्या मते हेच तुझं खरं भांडवल आहे.

आता वाटा. मी तुझ्या जागी असते तर सीएमए, म्हणजे कॉस्ट अकाउंटंटचा अभ्यासक्रम, निवडलं असतं. पदवीनंतर फाउंडेशन न देता थेट इंटरमीडिएटला प्रवेश मिळतो, अप्रत्यक्ष कर अभ्यासक्रमात आहे, आणि कारखान्याचा खर्च व माल समजणाऱ्या माणसाला तिथे किंमत आहे. सीएही चांगलं, पण लेखापरीक्षणाची आवड नसेल तर केवळ नावासाठी त्यात शिरू नकोस.

सरकारी नोकरी हवी असेल तर स्टाफ सिलेक्शन कमिशनची सीजीएल परीक्षा बघ. पदवीवर देता येते आणि त्यातून कस्टम्समध्ये एक्झामिनरचं पद मिळू शकतं. आलेला माल कागदावर लिहिल्याप्रमाणेच आहे का हे पाहणं, म्हणजे तुला जे आवडलं तेच काम. एमपीएससीतून राज्यकर निरीक्षक होता येतं. आईला हे दोन पर्याय नीट समजावून सांग. तिला स्थैर्य हवंय, ते इथेही आहे, आणि बँकेसाठी करायची गणित-इंग्रजीची तयारी सीजीएललाही उपयोगी पडते.

तिसरी वाट कमी लोकांना माहीत असते. रायगड जिल्ह्यात उरणजवळ न्हावा शेवा बंदर आहे. तिथल्या कस्टम्स ब्रोकरच्या, म्हणजे आयात-निर्यातदारांची कस्टम्सची कामं करून देणाऱ्याच्या, कार्यालयात कामाला लागून ‘जी कार्डा’ची (ब्रोकरच्या वतीने कस्टम्समध्ये काम करण्याच्या ओळखपत्राची) परीक्षा देता येते, पुढे अनुभवावर स्वतःच्या परवान्याची. सुरुवातीला पगार बेताचा आणि धावपळ फार. पण रोज नव्या वस्तूंची कागदपत्रं हाताखालून जातात, आणि वर्गीकरण शिकायला याहून चांगली शाळा मला ठाऊक नाही.

रत्नागिरीत बसून फक्त कोड सांगण्याची नोकरी कोणी देणार नाही, हे आत्ताच लक्षात घे. पण मिरजोळे, लोटे, कुडाळ या एमआयडीसींतल्या छोट्या कारखानदारांना नीट बिल आणि रिटर्न करून देणारा, वेळ पडली तर अॅडव्हान्स रूलिंगचा (कराबाबत अधिकृत निर्णय आधीच मागण्याचा) अर्ज लिहिणारा माणूस हवा असतो. बाहेर चार-पाच वर्षं काढून परत आलीस तर इथे तुझं स्वतःचं काम उभं राहू शकतं.

परीक्षा होईपर्यंत एक कर. गाळ्यातून जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला वहीचं एक पान दे. कशाची बनली, कशासाठी, कुठलं हेडिंग, आणि कुठल्या नोटमुळे दुसरं हेडिंग बाद झालं, ते लिही. टॅरिफच्या सुरुवातीला अर्थ लावण्याचे सहा नियम आहेत. त्यातला पहिला सांगतो की हेडिंगचे शब्द आणि नोट्स आधी. बहुतेक पानं त्यावरच सुटतील. जी सुटणार नाहीत, दोन हेडिंग सारखीच लागू होताहेत असं वाटेल, ती मला पाठव. सोबत वस्तूचा फोटो आणि वजन असू दे.