‘ऋण सोडणे’ आणि ‘सोडून जाणे’

एका ताईंनी विचारलं आहे: येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत आम्ही ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड’ असं म्हणतो. सरळ ‘क्षमा कर’ का नाही? आणि जवळच्या माणसाने दगा दिला तर त्याला ‘सोडायचं’ म्हणजे क्षमा करायची की संबंध तोडायचा?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या (येशूच्या चरित्राच्या) मूळ ग्रीक मजकुरात इथे ‘ओफेइलेमाता’ म्हणजे देणी असाच शब्द आहे. येशूच्या अरामी बोलीत कर्ज आणि पाप यांना एकच शब्द चाले. लूकने आपल्या शुभवर्तमानात (11:4) मात्र ‘पापे’ म्हटलंय. आपल्याकडेही शेतसारा माफ होतो, कर्जमाफी होते, आणि माणसालाही माफ करतात. ‘क्षमा’ वेगळी, ‘क्षम्’ म्हणजे सोसणे. ‘ऋण सोडणे’ यात सोसण्यापेक्षा आपलं हक्काचं येणं सोडणं आहे. मला हा शब्द फार मोलाचा वाटतो, कारण ज्याला दगा बसला त्याचं खरंच काहीतरी बुडालेलं असतं, आणि हा शब्द ते नाकारत नाही.

दुसरा प्रश्न मात्र खोल आहे. इथलं ग्रीक क्रियापद ‘आफिएमी’. गेथशेमाने बागेत येशूला धरलं तेव्हाचं वाक्य पाहा (मत्तय 26:56): ‘तेव्हा सर्व शिष्य त्याला सोडून पळून गेले.’ तिथेही तेच क्रियापद! क्षमेला आणि साथ सोडण्याला एकच शब्द, ग्रीकमध्ये तसा मराठीतही. फरक कर्माचा. प्रार्थनेत ‘ऋण’ हे कर्म आहे. ‘ऋण्यांस’ हे संप्रदान, म्हणजे ज्याच्यासाठी सोडायचं तो. बागेत ‘त्याला’ हेच कर्म झालं. ‘स’ आणि ‘ला’ या प्रत्ययांमुळे दोन्ही सारखी दिसतात, म्हणून गोंधळ होतो. तेव्हा ताई, प्रार्थनेतलं सोडणं ऋणाचं आहे, माणसाचं नाही. नातं लगेच पूर्वीसारखं व्हावं, असंही त्या वाक्यात नाही.

येशूला शत्रूंच्या हाती देणाऱ्या यहूदा या शिष्यासाठी आपल्या मराठी बायबलात ‘धरून देणे’ आहे. आपण रागही धरतो, डूखही धरतो. ‘सोडणे’ त्या सगळ्याच्या समोर उभं राहतं. ही जोडी मराठीत सहज जुळून येते.

येशूचा शिष्य पेत्र याचं उदाहरण देतो. महायाजकाच्या वाड्यात कोळशाच्या विस्तवाशी शेकत असताना त्याने येशूला नाकारलं, म्हणजे आपण त्याचे शिष्य नाही असं सांगितलं. ‘कोळशाचा विस्तव’ याचा ग्रीक शब्द बायबलच्या नव्या करारात दोनच ठिकाणी येतो: एक तिथे (योहान 18:18), दुसरा पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या समुद्राकाठी (21:9), जिथे येशूने विस्तवावर मासळी ठेवली होती. ‘तुझी क्षमा केली’ हे शब्द तिथे येतच नाहीत. तीनदा नाकारणाऱ्याला येशू तीनदा विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का? आणि प्रत्येक उत्तरानंतर आपली मेंढरं त्याच्या हवाली करतो.