प्रश्न: बेळगावात शिकतो. कॉलेजच्या भित्तिपत्रकात सीमाप्रश्नावर लिहिलं तर प्राचार्य कारवाई करू शकतात का?

लिहा. खाली स्वतःचं नाव मात्र घाला, निनावी कागदाची बाजू कुणी घेत नाही.

आमच्या वेळी भित्तिपत्रक म्हणजे जिन्याखालची काचेची पेटी, किल्ली शिपायाकडे. मराठी, कन्नड, इंग्रजी, सगळे कागद तिच्यातच. १ नोव्हेंबरच्या आठवड्यात, म्हणजे गावात कुणाचा राज्योत्सव आणि कुणाचा काळा दिन असतो तेव्हा, मी एक पान लिहिलं: महाजन आयोगानं १९६७ साली बेळगाव कर्नाटकातच ठेवा म्हटलं, ते मला का पटत नाही. शिवी एकही नव्हती. दुपारी कागद गायब. चार टाचण्या तेवढ्या जागेवर, प्रत्येकीखाली फाटका कोपरा. कारण काय, तर 'वातावरण बिघडतं'. प्राचार्यांशी भांडायला माझ्याआधी गेला तो माझा कन्नड वर्गमित्र. त्यानं मला खोडून काढणारं पान तयार ठेवलं होतं, ते आता कशाच्या शेजारी लावायचं?

घरी मामा उखडले. "शिकूलास की मोर्चा काढूलास?" आणि हेच मामा दर काळ्या दिनाला दंडावर काळी फीत बांधून सायकल फेरीत पुढे! त्यांचं म्हणणं, बोलायचं ते रस्त्यावर.

महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. कोर्टात चालतं ते काचेच्या पेटीत का नको? केरळातली तीन भावंडं राष्ट्रगीताला उभी राहायची, पण श्रद्धेमुळे गायची नाहीत, म्हणून शाळेनं काढली. १९८६ साली सुप्रीम कोर्टानं त्यांना परत घ्यायला लावलं आणि शिक्षण खात्याच्या परिपत्रकानं अभिव्यक्तीचा हक्क काढून घेता येत नाही असं बजावलं. मग प्राचार्यांच्या तोंडी हुकमाची काय कथा?

हां, 'अमक्यांना हाकला' छाप काही लिहिणार असाल तर माझं नाव सांगू नका. भाषेवरून वैर पसरवणं हा न्याय संहितेच्या कलम १९६ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. कॉलेज खासगी, विनाअनुदानित असेल तर राज्यघटनेचं कलम १९, म्हणजे अभिव्यक्तीचा हक्क, दाखवून फारसं भागत नाही. प्रवेशाच्या वेळी सही केलेले नियम आधी वाचा. लावलेल्या कागदाचा फोटो काढून ठेवा.

आणि घरी कुणी मामांसारखं बोललं तर विचारा, फेरीत घोषणा दिल्यावर समोरचा मुद्द्याला उत्तर देतो कधी? मला पेटीत ते मिळणार होतं, कन्नडमधून का होईना. मामांना इतकी वर्षं हेच सांगतोय.